तोलून मोजण्याची विद्या

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांमध्ये एक चर्चा ठरलेली असते. मुलाने किंवा मुलीने सायन्स घ्यावे की नाही? गुण बरे असले तर घेतले जाते. हिंगणीसारख्या गावातली मुलगी मग रोज एसटीने सेलूला किंवा वर्ध्याला जाऊ लागते. डबा, पास, परतीच्या गाडीची वेळ, सगळे घर त्या वेळापत्रकाभोवती फिरते. दीड-दोन महिन्यांत पहिली चाचणी होते. रसायनशास्त्रात पंचवीसपैकी सहा-सात गुण येतात आणि घरात दुसरा निकाल लागतो: "हिला सायन्स झेपत नाही. आर्ट्सला टाका."

आम्ही शिक्षक म्हणून अशा कितीतरी उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. बहुतेक वेळा घात एकाच ठिकाणी झालेला असतो. अकरावीच्या रसायनशास्त्राचा अगदी पहिला पाठ मूलभूत संकल्पनांचा, आणि त्यात 'मोल' येतो. इतक्या ग्रॅममध्ये मोल किती, इतक्या मोलमध्ये रेणू किती, इतक्या रेणूंचे वजन किती. पुढची सारी रासायनिक गणिते या पायावर उभी असतात. द्रावणाची तीव्रता असो, वायूंचे नियम असोत की नीट आणि सीईटीचे प्रश्न, मोल चुकला की पुढचे सगळे चुकते. आणि ही संकल्पना अकरावीत नवी नसते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात ती येऊन गेलेली असते. फक्त तेव्हा ती पाठ करून पुढे ढकललेली असते.

म्हणून हा लेख जितका मुलांसाठी, तितकाच त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी आहे. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसालाही मोल कळू शकतो, कारण त्यामागची युक्ती बाजारात रोज वापरली जाते.

आपल्याकडे वस्तू मोजण्याच्या दोन रीती आहेत. केळी, अंडी, बांगड्या आपण डझनाने घेतो. सोयाबीन, तूर, हरभरा मात्र कोणी मोजून विकत नाही, तोलून विकतो. का? दाणे मोजता येत नाहीत म्हणून नव्हे, मोजत बसायला आयुष्य पुरणार नाही म्हणून. पण समजा कोणी हट्टाने विचारले की या पोत्यात सोयाबीनचे दाणे किती, तर शहाणा शेतकरी पोते ओतत नाही. तो शंभर दाणे मोजून घेतो आणि तेवढेच तोलतो. बियाण्याची पारख करणारे लोकही शंभर दाण्यांचे वजन काढतातच. समजा ते १२ ग्रॅम भरले. मग एका किलोत सुमारे ८,३३३ दाणे झाले आणि एका क्विंटलमध्ये सव्वाआठ लाखांच्या वर. एकही जास्तीचा दाणा न मोजता उत्तर आले.

आता तूर घ्या. तिचे शंभर दाणे समजा १० ग्रॅम भरले. टपोऱ्या हरभऱ्याचे शंभर दाणे २० ग्रॅम. तिन्ही ढिगांत दाणे तेवढेच, वजने मात्र वेगळी. मोलमध्ये याहून अधिक काही नाही. १२ ग्रॅम कार्बन, १८ ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८० ग्रॅम ग्लुकोज या चार ढिगांत कणांची संख्या सारखीच असते. त्या संख्येला म्हणायचे एक मोल. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा मोल म्हणजे एक ठरलेली संख्या. फरक इतकाच की ती संख्या फार मोठी आहे.

किती मोठी? ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्या भाषेत सांगायचे तर ६०२ कोटी कोटी कोटी. पुस्तकात तिला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मुले तो वहीत उतरवून घेतात आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. म्हणून आम्ही त्यांना हिशेब करायला लावतो. तस्बीहचा एक मणी सरकवायला एक सेकंद लागतो असे धरा. जगातली ८०० कोटी माणसे, तान्ह्या बाळांसकट, रात्रंदिवस न थांबता मणी सरकवत बसली, तर एक मोल मणी पुरे व्हायला सुमारे २४ लाख वर्षे लागतील. किंवा सोयाबीनचेच पाहा. एक मोल सोयाबीन साऱ्या महाराष्ट्रावर सारखे पसरले तर थराची उंची तीनशे किलोमीटरहून जास्त होईल. आणि एक मोल पाणी? १८ ग्रॅम, म्हणजे फार तर दोन घोट. पाण्याचा रेणू किती लहान असेल याचा अंदाज इथे येतो.

आता गणिताकडे. एसटीने प्रवास करणाऱ्या मुलांना आम्ही हे असे समजावतो. हिंगणीहून वर्ध्याला जायचे तर वाटेत सेलू लागते. परतीलाही सेलू लागते. मोलच्या गणितात ग्रॅम म्हणजे हिंगणी, रेणूंची संख्या म्हणजे वर्धा, आणि मोल म्हणजे मधले सेलू. ग्रॅमवरून थेट रेणूंच्या संख्येवर उडी मारायची नाही. आधी मोलवर उतरायचे.

जाताना पहिल्या टप्प्यात भागाकार. ५४ ग्रॅम पाणी आहे. एका मोलचे वजन १८ ग्रॅम. ५४ भागिले १८, म्हणजे ३ मोल. दुसऱ्या टप्प्यात गुणाकार. प्रत्येक मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू, असे तीन मोल, म्हणजे १८.०६६ गुणिले १० चा २३ वा घात. नीट लिहायचे तर १.८०६६ गुणिले १० चा २४ वा घात.

परत येताना उलटे. कार्बन डायऑक्साइडचे १.५०५५ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू दिले आहेत, वजन सांगा. आधी ॲव्होगॅड्रो अंकाने भागा. ०.२५ मोल आले. मग एका मोलच्या वजनाने, म्हणजे ४४ ने गुणा. ११ ग्रॅम. झाले.

बाजारात मिळणाऱ्या गाईडांमध्ये यासाठी त्रिकोण काढून दिलेला असतो. वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले की गुणाकार, खाली ठेवले की भागाकार. आम्हाला तो त्रिकोण आवडत नाही. परीक्षेच्या धाकात मुलांना त्रिकोण आठवतो, पण कोणत्या कोपऱ्यात काय होते ते आठवत नाही. त्यापेक्षा मुलाने आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्याजवळ एक मोलपेक्षा जास्त आहे की कमी? ९ ग्रॅम पाणी दिले आहे. एक मोल तर १८ ग्रॅमचा असतो, म्हणजे माझ्याजवळ अर्धाच आहे. मग रेणूही अर्धेच हवेत, ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात. उत्तर याहून मोठे आले तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली आहे हे तिथेच कळते. शंभर रुपये किलोची वस्तू पाव किलो घेऊन कोणी चारशे रुपये देत नाही. तोच हिशेब.

घातांकांची भीती वेगळीच असते. १० चा २३ वा घात आणि १० चा २२ वा घात यांत मुलांना जरासाच फरक वाटतो. तो दहा पटींचा असतो. भागाकार करताना घात वजा होतात, गुणाकारात मिळवले जातात, हे आठवीत झालेले असते, फक्त तिथे ते गणिताच्या वहीत असते. ती वही या वहीशेजारी उघडून ठेवायला सांगावे.

आणखी एक जुना खड्डा वायूंचा. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६. प्रश्नात '३२ ग्रॅम ऑक्सिजन वायू' असे असले की निम्मी मुले १६ ने भागून २ मोल काढतात. पण हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो. दोन अणूंचा एक रेणू, म्हणून एका मोल रेणूंचे वजन ३२ ग्रॅम. वायूचा मोल विचारला तर तो एकच. हायड्रोजन आणि नायट्रोजनचीही हीच गोष्ट. गणित येत असूनही गुण जातात ते इथे.

हे झाले सर्व मुलांचे. आपल्या मुलांच्या वाट्याला याशिवाय एक जास्तीची अडचण येते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

आपल्या घरात उर्दू किंवा दक्खिनी बोलली जाते. शाळा मराठी माध्यमाची असते किंवा उर्दू. मोबाईलवर समजावून सांगणारे व्हिडिओ बहुतेक हिंदीत. आणि अकरावीचे पुस्तक इंग्रजीत. आता पाहा काय होते. जो पदार्थाचा सर्वांत लहान कण, त्याला मराठीत 'अणू' म्हणतात. असे दोन किंवा अधिक अणू जोडले गेले की 'रेणू'. हिंदीत मात्र त्या लहान कणाचे नाव 'परमाणु', आणि जोडलेल्या कणाचे नाव 'अणु'. म्हणजे 'अणु' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण अर्थ वेगळा! मराठीत ज्याला आपण अणुबॉम्ब म्हणतो त्याला हिंदीच्या बातम्यांत परमाणु बम म्हणतात, ते यामुळेच. मराठी शाळेत शिकलेली मुलगी रात्री मोबाईलवर ऐकते, 'एक मोल जल में अणुओं की संख्या'. तिच्या कानाला तो मराठी अणू वाटतो. ती लिहिते की एक मोल पाण्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू असतात. व्हिडिओ बरोबर होता. तिची मेहनतही खरी होती. उत्तर मात्र तिपटीने चुकले, कारण पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात, दोन हायड्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा. अणू विचारले असतील तर उत्तर १८.०६६ गुणिले १० चा २३ वा घात.

उर्दू माध्यमाच्या मुलांचे शब्द आणखी निराळे. तिथे अणूला 'जौहर' म्हणतात आणि रेणूला 'सालिमा'. हे शब्द आम्हाला फार आवडतात. सालिम म्हणजे अख्खा, साबूत. पदार्थाचा असा कण की ज्यात तो पदार्थ साबूत आहे. पाण्याचा सालिमा तोडला की पाणी उरत नाही. आणि जौहर म्हणजे रत्नही, म्हणून जौहरी म्हणजे रत्नांचा पारखी. शब्द असे अर्थासकट मनात बसले की विसरत नाहीत. तरीही अकरावीत वर्गात सर इंग्रजीत 'ॲटम' आणि 'मॉलिक्यूल' म्हणतात तेव्हा जौहर-सालिमावाली मुलगी दोन क्षण मागे पडते. त्या दोन क्षणांत फळा पुसला जातो. ती हुशार नाही असे नव्हे, तिला एकाच वेळी भाषांतरही करावे लागते आणि गणितही.

उपाय साधा आहे. वहीच्या पहिल्या पानावर चार भाषांतले शब्द समोरासमोर लिहून ठेवायचे. मराठीत अणू, हिंदीत परमाणु, उर्दूत जौहर, इंग्रजीत ॲटम. मराठीत रेणू, हिंदीत अणु, उर्दूत सालिमा, इंग्रजीत मॉलिक्यूल. हे पान जूनमध्ये लिहिले तर ऑगस्टमधली चाचणी वेगळी जाते. आणि व्हिडिओ पाहताना बोलणारा 'परमाणु' हा शब्द वापरतो आहे का तेवढे ऐकावे. वापरत असेल तर त्याचा 'अणु' म्हणजे आपला रेणू.

अणू आणि रेणू यांतला फरक पक्का करायला आम्ही घरातलाच एक आकडा घेतो. जकातीचा निसाब आपल्याकडे लहानथोरांना पाठ असतो. सोन्याचा साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे. ग्रॅममध्ये ८७.४८ आणि ६१२.३६. ही वजने वहीत घेऊन मुलांना विचारावे, मोल किती? सोन्याचे अणुवस्तुमान १९७. ८७.४८ भागिले १९७ म्हणजे साधारण ०.४४४ मोल, अर्ध्या मोललाही कमी. चांदीचे १०८. ६१२.३६ भागिले १०८ म्हणजे ५.६७ मोल. अणूंची संख्या काढली तर सोन्यात सुमारे २.६७ गुणिले १० चा २३ वा घात आणि चांदीत सुमारे ३.४१ गुणिले १० चा २४ वा घात. गंमत पाहा, चांदीचे वजन सोन्याच्या बरोबर सात पट आहे, पण अणू जवळजवळ तेरा पट. कारण चांदीचा अणू सोन्याच्या अणूहून हलका आहे. हलके दाणे तेवढ्याच वजनात जास्त बसतात, तूर आणि हरभऱ्यासारखे. आणि इथे उत्तर अणूंत द्यायचे, रेणूंत नाही, कारण सोने-चांदी पाण्यासारखी सुट्या रेणूंची बनलेली नसतात. (हा हिशेब शुद्ध सोन्याचा. दागिना बावीस कॅरेटचा असेल तर चोवीस भागांतले बावीसच सोने, बाकी दुसरा धातू. त्याचे गणित मुलांनी स्वतः करावे.)

तोलण्यावरून आठवले. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी धातू आणि रत्नांची तुलनात्मक घनता फार बारकाईने मोजली. हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिणारे ते हेच. बाराव्या शतकात अल-खाझिनी यांनी 'मीझानुल हिकमा' हा तराजूवरचा मोठा ग्रंथ लिहिला. पदार्थ पाण्यात तोलून त्यातली भेसळ कशी ओळखायची, हे त्यात आहे. पण म्हणून मोलही आपल्याच पूर्वजांनी शोधला असे लिहिण्याची हौस आम्हाला नाही. तो नंतरचा आणि दुसरीकडचा शोध आहे. इटलीच्या तुरीन शहरातले आमेदेओ ॲव्होगॅड्रो शिक्षणाने कायद्याचे पदवीधर होते. १८११ मध्ये त्यांनी मांडले की सारख्या तापमानाच्या आणि दाबाच्या, सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते. ती संख्या किती हे त्यांना कधीच कळले नाही. त्यांचे म्हणणेही कोणी फारसे मनावर घेतले नाही. १८५६ मध्ये ते वारले. चार वर्षांनी, १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेत, त्यांचे देशबांधव कानिझारो यांनी ते म्हणणे शास्त्रज्ञांपुढे पुन्हा मांडले, तेव्हा अणुवस्तुमानांचा गोंधळ मिटू लागला. पुढे फ्रान्सचे झाँ पेराँ यांनी प्रयोगांनी ती संख्या काढली आणि तिला ॲव्होगॅड्रोंचे नाव दिले. २० मे २०१९ पासून तर ती मापनातून काढायची संख्याच राहिली नाही. ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, हा आकडा जगभर कायमचा ठरवून टाकला आहे.

मुले विचारतात, आणि विचारायलाच हवे, की हे सगळे कशाला? तोलून घेतले, वापरले, संपले. रेणू मोजून कोणाचे काय अडले आहे?

याचे उत्तर बहुतेक घरांच्या औषधाच्या डब्यात असते. आशाताई देतात ती ओआरएसची पुडी. वैदर्भीय उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडाला जुलाब लागले की ती निघते. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलेले असते ते पाहा. एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ, २.६ ग्रॅम. ग्लुकोज १३.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. मिळून २०.५ ग्रॅम. हे आकडे कोणी असे विचित्र का ठरवले? मीठ अडीच आणि ग्लुकोज साडेतेरा, यांत काही मेळ दिसत नाही. ग्रॅममध्ये दिसणारही नाही. सेलूला उतरावे लागेल.

ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा. १३.५ भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल. आता सोडियम. मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा. २.६ भागिले ५८.५ म्हणजे ०.०४४ मोल, आणि मिठाच्या प्रत्येक घटकात एक सोडियम. ट्रायसोडियम सायट्रेटचा मोल त्यातल्या पाण्यासकट २९४ ग्रॅमचा. २.९ भागिले २९४ म्हणजे जवळपास ०.०१ मोल, पण त्याच्या प्रत्येक घटकात तीन सोडियम, म्हणून ०.०३. बेरीज करा. ०.०७४, म्हणजे ०.०७५ च्या अगदी जवळ. ग्लुकोजचे जितके रेणू, तितकेच सोडियमचे कण! सुमारे साडेचार गुणिले १० चा २२ वा घात हे, आणि तेवढेच ते. ग्रॅममध्ये लपलेला मेळ मोलमध्ये उघडा पडला.

हा मेळ घालण्याचे कारण आपल्या आतड्यात आहे. जुलाबात आतडे नुसते पाणी नीट शोषू शकत नाही. पण ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आतड्याच्या पेशीत शिरू शकतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. तिथे वजनाला अर्थ नाही, किती कण आहेत त्याला अर्थ आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धावेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन अपुरे पडत होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या काळचे मिश्रण जरा दाट होते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने आजचे पातळ प्रमाण ठरवले.

पुडीवर आणखी एक आकडा असतो, २४५. त्याकडे कोणी पाहत नाही. मोल आलेली मुलगी तो स्वतः काढू शकते. एका लिटरमध्ये सोडियमचे ७५ मिलिमोल, ग्लुकोजचे ७५, क्लोराइडचे ६५, पोटॅशियमचे २०, सायट्रेटचे १०. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. बेरीज २४५. एका लिटर पाण्यात विरघळलेल्या सर्व कणांची ही एकूण मोजणी. आपल्या रक्तात ही मोजणी साधारण २८० ते ३०० असते. ओआरएसची त्याहून कमी ठेवली आहे, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते.

आता आमच्या पाहण्यात नेहमी येते ती गोष्ट. बाळाला जुलाब आहेत, ते एवढे पाणी थोडेच पिणार आहे, म्हणून एक लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात घोळली जाते. दाट औषध लवकर लागू पडेल असा समज. पेला २०० मिलिलिटरचा असेल तर लिटरच्या पाचव्या भागात तेवढेच कण आले. २४५ गुणिले ५, म्हणजे १,२२५. रक्ताच्या चौपट! मग पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्ताकडून आतड्याकडे ओढले जाऊ शकते, जुलाब वाढतात आणि रक्तात मिठाचे प्रमाण धोकादायक चढते. लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते. हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही, एक गुणाकार पुरतो. म्हणून पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच स्वच्छ पाणी मोजून घ्यावे, पुडी त्यात पूर्ण रिकामी करावी आणि थोडे थोडे पाजावे. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. पेल्यात करायचेच असेल तर त्या घ्याव्यात. चवीसाठी वरून साखर टाकू नये, साखरेचेही रेणूच असतात आणि तेही या मोजणीत मिळतात. चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून द्यावे. आणि बाळ सुस्त पडले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा जुलाबात रक्त दिसले तर पुडीच्या भरवशावर न बसता दवाखाना गाठावा.

दुकानात ओआरएसच्या नावाखाली फळांच्या चवीची गोड पेयेही विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी डब्यावरचे घटक वाचण्याची सवय लागलेली बरी. आकडे ग्रॅममध्ये असतील तर घरातल्या अकरावीच्या मुलीला हाक मारावी, ग्लुकोज आणि सोडियमचे मोल काढायला लावावे आणि ते समान येतात का ते तिच्याकडून ऐकावे. तिने भागाकार कुठे केला आणि गुणाकार कुठे, तेवढे विचारायचे.